१५ ऑगस्टला ताट-चमचा घेऊन काराकेला: न्यू ब्रन्सविकचा अकेडियन किनारा, पाच दिवसांत, गाडीने

गुगल मॅपला कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातलं मॉन्क्टन ते काराके विचारलं की तो सांगतो अडीचशे किलोमीटर, तीन तास. आम्ही पहिल्या वर्षी तसेच गेलो आणि तीन तास काय बघितलं तर झाडं. दोन्ही बाजूला झाडं, मध्ये रस्ता, आणि समुद्र कुठंय तर उजवीकडे आहे म्हणे, दिसत नाही एवढंच. दुसऱ्या वर्षी आई आली होती भारतातून, तेव्हा ठरवलं की ११ नंबरचा हायवे शक्य तितका टाळायचा आणि १३४, ५३५, ४७५, ५०५, ११७, ११३, १४५ असल्या बारक्या रस्त्यांनी जायचं. पाच दिवस लागले आणि तेवढे लागायलाच हवेत. खाली जे लिहिलंय ते त्या दुसऱ्या ट्रिपवरून, पहिलीतून फक्त चुका घेतल्यात.

आधी थोडा इतिहास, कंटाळा करू नका, नाहीतर रस्त्यात दिसणाऱ्या निम्म्या गोष्टींचा अर्थ लागत नाही. अकेडियन म्हणजे १६०४-०५ पासून ह्या बाजूला, म्हणजे मुख्यतः आजच्या नोव्हा स्कोशियात आणि फंडीच्या आखाताकाठी येऊन वसलेले फ्रेंच लोक. क्यूबेकचे फ्रेंच वेगळे आणि हे वेगळे, ह्यात गल्लत केलीत तर समोरचा माणूस हसून पण लगेच दुरुस्त करतो. १७१३ च्या तहात हा मुलुख इंग्रजांकडे गेला, हे लोक इंग्लंडच्या राजाशी बिनशर्त निष्ठेची शपथ घेईनात, आणि १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना घरंदारं जाळून जहाजांत भरून हाकलायला सुरुवात केली, ते जवळजवळ १७६३ पर्यंत चाललं. दहा हजारांच्या वर माणसं गेली, कितीतरी वाटेतच मेली. १७६४ ला परत यायची परवानगी मिळाली, पण छोट्या छोट्या गटांत विखरून राहायच्या अटीवर, आणि तोवर त्यांची चांगली शेतजमीन दुसऱ्यांना वाटून झालेली. मग उरला हा किनारा, रेताड, वाऱ्याचा, शेतीला फार कामाचा नसलेला. म्हणजे आज आपण ज्या कोळ्यांच्या गावांतून जाणार ते मुळात शेतकरी. एवढं डोक्यात असलं की पुरे.

निघायच्या आधी

तारीख सगळ्यात महत्त्वाची. १५ ऑगस्ट हा अकेडियन लोकांचा राष्ट्रीय दिवस आहे, हो, आपलाच १५ ऑगस्ट, पण त्यांनी तो १८८१ साली मेमरामकूकच्या अधिवेशनात ठरवला, मेरीमातेच्या सणाचा दिवस म्हणून. तेव्हा क्यूबेकवाल्यांचा २४ जून घ्यायचा की आपला वेगळा, ह्यावर वाद झाला होता आणि वेगळा जिंकला. त्या संध्याकाळी काराकेच्या रस्त्यावर ताटं-पातेली वाजवत जो गोंगाट होतो त्यात असायचं असेल तर ११ किंवा १२ तारखेला निघा. आणि काराकेचं राहायचं बुकिंग एप्रिल-मेमध्येच करून टाका, जुलैत शोधलंत तर बाथर्स्टला राहून तासभर ये-जा करावी लागेल, आम्ही पहिल्या वर्षी तेच केलं.

टोरंटोकडून येणार असाल तर गाडीने दीड हजार किलोमीटरच्या वर आहे, म्हाताऱ्या माणसांना घेऊन नका करू, विमानाने मॉन्क्टन किंवा हॅलिफॅक्सला उतरा आणि तिथून गाडी भाड्याने घ्या. हॅलिफॅक्स ते मॉन्क्टन अडीच-पावणेतीन तास. घड्याळ टोरंटोपेक्षा एक तास पुढे. बिलावर १५ टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर, लागतो तो धरूनच हिशोब करा. फोनमध्ये ऑफलाइन मॅप उतरवून ठेवा, ११७ वर मधेमधे रेंज जाते.

भाषेची भीती नको. न्यू ब्रन्सविक हा कॅनडातला एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत, १९६९ पासून, बहुतेक ठिकाणी इंग्लिश चालतं. पण दुकानात शिरताना आधी बोंझूर म्हणा, मग पुढचं इंग्लिशमध्ये बोला, चेहरे बदलतात. मॉन्क्टन-शेडियाककडची त्यांची आपसातली बोली म्हणजे शियाक, फ्रेंच व्याकरणात इंग्लिश शब्द सरळ कोंबलेले, 'मी गाडी पार्क केली'ला ते पार्क हेच क्रियापद फ्रेंच पद्धतीने चालवतात. आईला समजावून सांगत होतो तर म्हणाली, "मग आपण काय वेगळं करतो रे?"

आणि मूस. हसू नका. हरणाच्या जातीचा, पण घोड्यापेक्षा उंच प्राणी आहे, पाय लांब असल्यामुळे धडक बसली की पाय बंपरला आणि अख्खं धड काचेवर येतं. पहाटे आणि संध्याकाळी जास्त फिरतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये साडेआठच्या सुमारास सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचायचं हा नियम. मी तो कडक पाळतो, बायको म्हणते जरा जास्तच.

पहिला दिवस: मेमरामकूक, कॅप-पेले, शेडियाक, बुक्तूश

बहुतेक लोक मॉन्क्टनहून थेट शेडियाकला जातात, वीस-पंचवीस मिनिटांत बीचवर. तुम्ही आधी उलट बाजूला मेमरामकूकला जा, तेही जवळच आहे. तिथे मोन्युमाँ-लफेव्र म्हणून दगडी इमारत आहे, राष्ट्रीय स्मारक, आत अकेडियन इतिहासाचं प्रदर्शन. तासाभरात बघून होतं. पण मला तिथे थांबवायचंय ते अबॉइटोसाठी, म्हणजे ह्या लोकांच्या झडपवाल्या बांधांसाठी.

फंडीच्या आखाताची भरती जगात सगळ्यात उंच भरत्यांपैकी. त्या भरतीच्या दलदलीला ह्या लोकांनी गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटांचे बांध घातले आणि बांधाच्या खालून लाकडी पन्हळ काढली, तिच्यात बिजागरीवर एक झडप. ओहोटीला आतलं गोडं पाणी झडपेला ढकलून बाहेर जातं, भरतीला समुद्राचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. माणूस लागत नाही. दोन-तीन वर्षांत पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन निघतं आणि मग पीक. मी आईला हे वाचून दाखवत होतो, ती आमच्या अलिबागच्या खारेपाटातली, तिने मला पुरतं बोलूच दिलं नाही, म्हणाली "अरे ही उघाडी!" (आमच्याकडे खारबांधाच्या झडपेला उघाडीच म्हणतात.) बाहेर आल्यावर खोऱ्यातली ती सपाट हिरवी कुरणं बघून तिने पुढचा प्रश्न विचारला की मग एवढी बांधलेली जमीन सोडून गेले कसे, आणि त्याचं उत्तर मघाशी सांगितलंच, सोडली नाही, काढून घेतली. म्हणून ही जागा आधी बघा. इथली जमीन बघितली की पुढची रेती कळते.

तिथून आडव्या रस्त्याने अर्ध्या-पाऊण तासात कॅप-पेले. हे हेरिंग मासा धुरी देऊन सुकवणाऱ्या धुरीघरांचं गाव. लाकडी उंच शेड, आत दांड्यांवर ओळीने मासे, खाली धूर. गाडीच्या काचा खाली करा, वासच सांगेल. इथला बराच माल कॅरिबियन बेटांवर जातो. घ्यायचं असेल तर आत्ता घेऊ नका, का ते शेवटी सांगतो. पोहायचं असेल तर इथला अबॉइटोचा बीच शेडियाकच्या पार्लीपेक्षा कमी गर्दीचा. पाणी उन्हाळ्यात खरंच कोमट असतं, कॅनडाच्या मानाने.

शेडियाकला तो जगप्रसिद्ध लॉबस्टर, ९० टनांचा, ११ मीटर लांब, सिमेंटचा. फोटो काढा, दहा मिनिटं, पुढे चला. खरा लॉबस्टर खायचा तर ह्या भागातला हंगाम ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत असतो, म्हणजे आपल्या तारखांना ताजा मिळतो. अडचण एकच, १५ ऑगस्ट म्हणजे बहुतेक वर्षी श्रावण. आमच्या गाडीत दोन पक्ष होते, आई आणि बाकीचे. श्रावणवाल्यांनी मॉन्क्टनमधूनच ठेपले, दशम्या, चिवडा भरून घ्या कारण किनाऱ्यावर शाकाहारी म्हणजे बटाट्याच्या फ्राइज आणि कोलस्लॉ, बाकी फार आशा ठेवू नका. सूपमध्ये सुद्धा विचारून घ्या.

शेडियाक सोडलं की १३४ घ्या, कोकान्यला पोचल्यावर ५३५ ला वळा, तो पाण्याच्या कडेकडेने बुक्तूशला नेतो. घरांकडे बघा, विजेच्या खांबांवर, पोस्टाच्या डब्यांवर, होड्यांवर निळा-पांढरा-लाल झेंडा आणि निळ्यात पिवळा तारा. झेंडा १८८४ चा. फ्रान्सचाच तिरंगा, त्यात मेरीमातेचा तारा टाकलेला, समुद्रात वाट दाखवणारा.

बुक्तूशला दोन गोष्टी. एक वाळूची दांडी, बारा किलोमीटर लांब, समुद्रात घुसलेली, तिच्यावर लाकडी फळ्यांची वाट. सकाळी लवकर जा. दुसरी पेई द ला सागुईन, एका छोट्या बेटावर उभं केलेलं नाटकातलं गाव. आंतोनिन माये ह्या बुक्तूशच्याच लेखिकेने १९७१ मध्ये फरशी पुसणाऱ्या एका म्हातारीची स्वगतं लिहिली, अस्सल गावच्या बोलीत, आणि ती पात्रं इथे उन्हाळाभर चालती-बोलती भेटतात. माये बाईंना १९७९ ला फ्रान्सचं गोन्कूर पारितोषिक मिळालं, पहिल्याच कॅनेडियन. सगळं फ्रेंचमध्ये असतं, फ्रेंच अजिबात येत नसेल तर तिकीट काढायच्या आधी विचार करा. आम्ही काढलं, अर्धं कळलं नाही, पण फिडल छान होतं.

रात्री पुटीन रापे शोधा. फ्राइज-चीज-ग्रेव्हीवालं पुटीन नव्हे, ते क्यूबेकचं. हे म्हणजे कच्चा बटाटा किसून फडक्यात घट्ट पिळायचा, त्यात उकडलेला बटाटा कुस्करून घालायचा, मूठभर गोळा करून मध्ये खारवलेलं डुकराचं मांस भरायचं आणि दोन-तीन तास पाण्यात शिजवायचं. वर येतो करडा, बुळबुळीत, चमकणारा गोळा. दिसायला, खरं सांगतो, अजिबात बरा नाही. काटा लावला की थरथरतो. शेजारच्या टेबलावरचे आजोबा त्यावर साखर घालून खात होते, मी मीठ-मिरी घातली, बायकोने तिचा अर्धा मला दिला. एकदा खाऊन बघाच, पण दोघांत एकच मागवा. नाहीतर फ्रिको घ्या, कोंबडी, बटाटा आणि पिठाच्या गोळ्यांचा रस्सा, त्यात सॅव्हरी नावाचा सुका पाला, तो सगळ्यांना आवडतो.

दुसरा दिवस: कुशिबुगुआक आणि लांबचा रस्ता

बुक्तूशहून ४७५, मग ५०५, असं किनाऱ्याने रिशिबुक्टोपर्यंत आणि पुढे कुशिबुगुआक नॅशनल पार्क. नाव मिकमॉक लोकांचं, ह्या सगळ्या किनाऱ्याचे मूळ रहिवासी ते. केलीज बीचला लाकडी पुलावरून खाजण ओलांडून वाळूच्या बांधापर्यंत जायचं, तिथे दुर्बीण असेल तर सील दिसतात. सायकली भाड्याने मिळतात, रस्ते सपाट आहेत, पोरांना एकदम सेफ. अर्धा दिवस द्या.

पण ह्या पार्कची दुसरी बाजू पण बघा. १९६९ मध्ये पार्क करायचं ठरलं तेव्हा इथे गावं होती, साधारण बाराशे माणसं, बहुतेक अकेडियन, त्यांना जमिनी घेऊन हलवलं. आपल्याकडे ज्याला प्रकल्पग्रस्त म्हणतात तेच. १७५५ ला हाकललेल्यांच्याच वंशजांना परत हला म्हणणं, काय वाटलं असेल. जॅकी व्होतूर नावाचा माणूस हललाच नाही, घर बुलडोझरने पाडलं तरी परत येऊन राहिला, २०२१ ला वारला तोवर लढा सोडला नव्हता. ह्या प्रकरणानंतर कॅनडाने पार्कसाठी लोकांना असं जबरदस्तीने उठवणं थांबवलं. पार्कमध्ये त्या कुटुंबांची आठवण ठेवणारं प्रदर्शन आहे, ते चुकवू नका.

मग दोन वाटा. ११ ने सरळ मिरामिशी तासाच्या आत. नाहीतर ११७ ने पॉइंट-सापँ, एस्क्युमिनॅक, बे-सेंट-ॲन अशी टोकाला वळसा घालून, त्याला तासभर जास्त. वळसाच घ्या. एस्क्युमिनॅकच्या धक्क्यावर एक स्मारक आहे. जून १९५९ मध्ये सामन पकडायला गेलेल्या होड्या अचानक आलेल्या वादळात सापडल्या आणि ३५ माणसं बुडाली, एकाच टापूतली, बाप-पोरं एकत्र. नावं कोरलेली आहेत आणि तीच ती आडनावं पुन्हा पुन्हा येतात. आम्ही पोचलो तेव्हा धक्क्यावर कुणीच नव्हतं, फक्त एक माणूस पिंजरे रचत होता. आईने चप्पल काढून नमस्कार केला, कोळीवाड्याशेजारी वाढलेली बाई ती, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मिरामिशीत मुक्काम. गाव आयरिश-इंग्लिश वळणाचं, झोपायला ठीक.

तिसरा दिवस: ट्रॅकडीपासून मिस्कूपर्यंत

लवकर निघा, आज सगळ्यात जास्त ड्रायव्हिंग. ११ ने नेगुआक, ट्रॅकडी. ट्रॅकडीत १८४९ पासून १९६५ पर्यंत कुष्ठरोग्यांचं रुग्णालय होतं, त्याआधी पाच वर्षं त्यांना मिरामिशीजवळच्या एका बेटावर नेऊन ठेवत, हाल करत. १८६८ मध्ये माँट्रियलहून नन्स आल्या तेव्हा कुठे नीट शुश्रूषा सुरू झाली. म्युझियम छोटं आहे, शेजारी रुग्णांची दफनभूमी. पाऊण तास.

शिपेगनला मत्स्यालय आहे, पोरं असतील तर सीलना मासे घालायची वेळ आधी विचारून तशी पोचा. पेट्रोल इथेच फुल करा. इथून ११३ ने पूल ओलांडून लामेक बेट, दुसरा पूल ओलांडून मिस्कू, पार टोकाला १८५६ चं लाकडी आठकोनी दीपगृह. जायला तास, यायला तास. वाटेत लामेकवर प्तित-रिव्हिएर-द-लीलला सेंट सेसिलचं चर्च लागतं, बाहेरून साधं, आत गुलाबी-हिरवे-पिवळे इतके रंग की आईला गावचं देऊळ आठवलं. उघडं असेल तर आत जाच.

मिस्कूवर पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाची, दलदल आहे, मैलोन्‌मैल सपाट, तिच्यावर फळ्यांची वाट. शरद ऋतूत सगळी लाल होते म्हणतात, ऑगस्टमध्ये हिरवी-तपकिरी असते आणि डास असतात. डास म्हणजे डास, ओडोमॉस विसरा, इथलं कडक स्प्रे घ्या, फुल बाह्या घाला. दीपगृहापाशी मात्र वाऱ्याने एकही टिकत नाही, जेवणाचा डबा तिथे उघडा. रात्री काराके.

चौथा दिवस: काराके

आजचा दिवस गाडीला सुट्टी, म्हणजे सकाळी थोडी लागेल. गावाच्या पश्चिमेला दहाएक किलोमीटरवर व्हिलाज इस्तोरिक अकेडियाँ आहे, १९७७ ला उघडलेलं जुनं गाव, ठिकठिकाणहून खरी जुनी घरं उचलून आणून मांडलेली, आत त्या काळच्या कपड्यांतली माणसं खरंच काम करत असतात, लोहार, पाव भाजणारी बाई, सूत कातणारी. १७७० पासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालत चालत पुढे यायचं. चार तास ठेवा, पायात चांगले बूट. त्यांच्याशी बोला, नुसतं बघू नका. मला कॉड सुकवणाऱ्या माणसाने जर्सी बेटाच्या रॉबिन कंपनीची पद्धत समजावली, हंगामाच्या आधी जाळी, मीठ, पीठ उधार द्यायचं, मासा आपल्याच भावाने घ्यायचा, हिशोब कंपनीच्या वहीत, आणि कोळी जन्मभर कर्जात. सावकारी हो, दुसरं काय. त्यातून बाहेर काढलं ते सहकाराने, मच्छीमार सोसायट्या आणि पतपेढ्या. न्यू ब्रन्सविकची पहिली पतपेढी १९३६ ला प्ती-रोशेला निघाली, बाथर्स्टच्या थोडं पुढे. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला हे सगळं फार ओळखीचं वाटेल.

दुपारी रूमवर या, झोप काढा, तीनच्या आत गाडी आतल्या गल्लीत लावून टाका कारण १४५, म्हणजे गावचा मुख्य रस्ता, नंतर बंद होतो. संध्याकाळी ५ वाजून ५५ मिनिटांनी तँतामार सुरू होतो. पाच पंचावन्नच का, तर चोवीस तासांच्या घड्याळात ते १७:५५ होतं, आणि साल १७५५. तँतामार म्हणजे नुसता गोंगाट. काराकेत १९७९ पासून. पातेली, डबे, भोंगे, शिट्ट्या, करवती, जे हातात येईल ते वाजवत हजारो लोक रस्त्यावर उतरतात, तोंडं झेंड्याच्या रंगांत रंगवलेली, तान्ही पोरं कानाला हेडफोन लावून बापाच्या खांद्यावर. ना भाषण, ना रांग, ना कुणी पुढारी. आम्हाला हाकललंत ना, आम्ही अजून इथे आहोत, ऐका, एवढंच म्हणणं.

काय न्यायचं ते नीट सांगतो. स्टीलचं ताट आणि पळी, बेस्ट. आमच्याकडचं पोह्याच्या डिशएवढं होतं, आवाज पुरला नाही. झांज असेल तर आणा. प्लास्टिकचा भोंगा नको, दहा मिनिटांत ओठ दुखतात. लहान मुलांच्या कानाला काहीतरी हवंच, गंमत नाही, खरोखर फार आवाज असतो. आईने सकाळीच साडीला आपल्या तिरंग्याची पिन लावली होती, ती बघून तोंड निळं रंगवलेल्या एका बाईने काय म्हणून विचारलं, मी म्हटलं आज आमचाही स्वातंत्र्यदिन आहे, तर तिने आईच्या गालावर बोटाने एक पिवळा तारा काढला आणि तिच्या हातात आपलं पातेलं दिलं. कोरोनात थाळ्या वाजवल्या होत्या ना आपण, तेव्हा आई बाल्कनीत आली नव्हती. इथे तासभर वाजवायची थांबली नाही.

पाचवा दिवस: परत

सकाळी सेंट-ॲन-द्यु-बोकाज, झाडीतली छोटी लाकडी चॅपल, परतून आलेल्या पहिल्या वस्तीच्या जागी, शेजारी पाण्याचा झरा. शांत आहे, आदल्या रात्रीनंतर बरं वाटतं. मग ११ ने बाथर्स्टकडे, वाटेत पोकशॉला समुद्रात सुटा उभा राहिलेला खडक, वर पाणकावळ्यांची वसाहत. फोटो लांबून काढा, वारा तुमच्याकडे असेल तर जास्तच लांबून.

बाथर्स्टला पेट्रोल भरा आणि ८ नंबरने मिरामिशी, तिथून १२६ ने रॉजर्सव्हिलवरून मॉन्क्टन. हा रस्ता जंगलातला, मूसवाला, उजेडात पार करा.

आणि हेरिंग. आम्ही पहिल्याच दिवशी कॅप-पेलेला घेतलं होतं, तीन पिशव्यांत गुंडाळून डिकीत ठेवलं, आणि पाच दिवस उन्हात गाडी उभी. भाड्याची गाडी होती. परत देताना वेगळे साफसफाईचे पैसे लागले, आणि योग्यच लागले. त्यामुळे शेवटच्या संध्याकाळी शेडियाकला वळून कॅप-पेलेला जा, मॉन्क्टनपासून तीस-चाळीस मिनिटं, तेव्हा घ्या. रात्रभर पाण्यात भिजवा, दोनदा पाणी बदला, नाहीतर नुसतं मीठ लागतं. मग हळद, तिखट, आगळ लावून रव्यात घोळून तव्यावर. श्रावण संपेपर्यंत फ्रीजरमध्ये टिकतं, आईने स्वतः विचारून घेतलं होतं.